भरतीच्या खुणेखाली

तुळसाबाईच्या निरोपाच्या समारंभाला सगळे वेळेवर आले होते, फक्त तुळसाबाईच आली नव्हती. मिशनच्या अनाथाश्रमातल्या पोरी जाजमावर दोन रांगा धरून बसल्या होत्या, पाळकसाहेबांची प्रार्थना होऊन गेली होती, आणि मिशनच्या शाळेचे हेडमास्तर व ख्रिस्ती मंडळीतले एक वडील पंच दानियेल मास्तर भाषणाचा कागद हातात घेऊन उभे होते. जिच्यासाठी हा सगळा थाट, ती मागे स्वैंपाकघरात होती. नव्या स्वैंपाकिणीनं पहिल्याच दिवशी भात तळाला लावला होता, तो वरच्यावर काढून दुसऱ्या टोपात घालत होती.

बोलवायला आलेल्या मुलीला ती म्हणाली, "साठ पोरींना करपट भात घालून मी तिकडे हार घालून घेऊ? थांबायला सांग. मास्तरांचा कागद काय उडून जात नाय."

शेवटी पदराला हात पुसत आली. मास्तरांनी कागद वाचला. तीस वर्षं तुळसाबाईंनी चुलीपुढे देवाची सेवा केली, आता वय झालं, हात थरथरतो, डोळ्यांत धूर जाऊन जाऊन पाणी येतं, तेव्हा उरलेले दिवस त्यांनी विश्रांतीत आणि प्रार्थनेत घालवावेत, असं त्यात होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"उरलेले म्हणजे किती, मास्तर?" तुळसाबाईनं विचारलं.

पोरी खिदळल्या. मास्तर गोरेमोरे झाले. "ते देवाच्या हाती, तुळसाबाई."

"मग विश्रांतीचं तेवढं तुम्ही कसं ठरवलंत?"

ही गोष्ट सत्तावीस सालची. तुळसाबाईला तेव्हा बासष्टावं लागलं होतं. मूळची ती पावस गावची, भंडाऱ्याची लेक. बाप माड चढणारा. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पटकीच्या साथीत आठ दिवसांत नवरा गेला आणि कडेवरचं मूलही गेलं. वाडीतलं माणूस दाराशी फिरकत नव्हतं तेव्हा मिशनची एक बाई तीन रात्री तिच्या उशाशी बसून राहिली. पुढच्या वर्षी तुळसानं बाप्तिस्मा घेतला, आणि धाकट्या भावानं, धोंडूनं, तिच्या नावानं आंघोळ केली. जिवंतपणी मेली. तेव्हाच्या पाळकांनी नवं नाव घ्यायला सांगितलं, शास्त्रातलं एखादं, छानसं. ती म्हणाली, "नाव आईनं ठेवलंय. नवरा गेला, पोर गेलं, घर गेलं, एवढं एक राहिलंय. देवाला मला ओळखायचं असेल तर याच नावानं ओळखेल." मंडळीच्या यादीत तुळसा ती तुळसाच राहिली.

तर अशी ही बाई आता मिशनच्या कंपाउंडातल्या एका खोलीत विश्रांती घ्यायला बसली.

पावसाळाभर बसली. पहाटे उठायची सवय, पण उठून करायचं काय? एका माणसाची पेज ती किती वेळ ढवळणार? प्रार्थनेला बसावं तर दहा मिनिटांत तिचं सगळं सांगून व्हायचं. मग तीही गप्प आणि देवही गप्प. बाहेर कौलांवरून पाणी गळत राहायचं. अशाच एका सकाळी तिनं हात जोडले ते भांडायलाच. "हे बघ," ती म्हणाली, "मला नेत नायस तर काम दे. दोन्हीतलं एक कर. असं दाराशी ठेवलेल्या जुन्या टोपासारखं मला ठेवू नको."

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, आगबोटी सुरू झाल्या. आश्रमातली एक मुलगी नर्सिंग शिकायला मुंबईला निघाली होती, तिला पोचवायला तुळसाबाई रत्नागिरीच्या बंदरावर गेली. बोट लांब उभी राहायची. मुंबईहून आलेले उतारू पडावांतून, म्हणजे मोठ्या होड्यांतून, किनाऱ्यापर्यंत यायचे आणि शेवटचं गुडघाभर पाणी कुणी चालत, कुणी हमालाच्या पाठीवर बसून ओलांडायचे. ते उतरले की जाणारे चढायचे. मुलगी गेली. परत फिरताना तुळसाबाईला उतारूंच्या पत्र्याच्या शेडीत, पोत्यांच्या आडोशाला, एक माणूस पडलेला दिसला. डोळे उघडे, ओठ भेगाळलेले. लोक त्याला वळसा घालून जात होते.

"काय झालं गो याला?" तिनं तिथे टोपली घेऊन बसलेल्या हौसा खारविणीला विचारलं.

"काय व्हायचंय? गिरणीनं छाती खाल्ली," हौसा म्हणाली. "आजचं हाय का ते? हरेक बोटीला एक-दोन उतरतात. मुंबईवाले बोटीत घालून देतात, नि बोटवाले हितं टाकून जातात. गाडीवाला घेत नाय, त्याला खोकला लागंल म्हणून. घरी सांगावा जाईस्तोवर पडायचं. दोन दिस, तीन दिस. जगला तर जगला."

"आणि पाणी?"

"पिंप हाय की त्या कोपऱ्यात."

"अगो, तो उठून पिंपाकडे जाणार कसा?"

"आता कोण कुठल्या जातीचा, कोणाच्या हातचं कोणाला चालतं, ह्ये बघत बसू काय मी? माजी मासळी नासंल."

पुढच्या बोटीच्या दिवशी तुळसाबाई पेजेचा टोप फडक्यात बांधून शेडीत हजर. तांदळाची मऊ पेज, मीठ घातलेली, सोसवेल इतपत कोमट. पोत्यांजवळ आज दुसराच होता, पन्नाशीचा. तिनं वाटी पुढे केली. त्यानं घेण्यासाठी मान उचलली आणि विचारलं, "कोण गो तू?"

"ख्रिस्तीण," ती म्हणाली. खोटं कशाला बोलायचं?

त्यानं ओठ असे मिटले की शिवून टाकल्यासारखे. ती बसून राहिली. पेज गार झाली, वर साय धरली. तापानं त्याचं अंग विस्तवासारखं भाजत होतं आणि हा माणूस तोंड उघडेना. तुळसाबाईचं डोकं फिरलं. "मर मग तहानेनं!" ती ओरडली, आणि टोप उचलून चालू लागली. बंदराच्या फाटकाशी येईपर्यंत तिला स्वतःची इतकी लाज वाटली की पुन्हा मागे जाऊन ती त्याच्यापासून चार हातांवर बसली, त्याचा पुतण्या येईपर्यंत नुसती माशा वारत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडात पाडेली माडावर चढला होता. खाली धप् धप् नारळ पडत होते. तुळसाबाई दारात उभी राहून बघत होती, आणि तिला एकदम बाप आठवला. माडाखाली कुणीही दमून येऊन उभं राहिलं की बाप एक शहाळं खाली सोडायचा. भट असो, वाणी असो, वाटसरू असो, कुणी कधी 'तुझ्या हातचं कसं घेऊ' म्हटलं नव्हतं. शहाळ्याला विटाळ नाही. ते चहूकडून बंद. आतलं पाणी कुणा माणसानं भरलेलं नसतं.

"अगो माझे आई!" ती स्वतःशीच म्हणाली आणि पाडेल्याला हाक मारली, "चार कोवळी शहाळी उतरव रे! आत जेमतेम साय धरलेली. पिकली देशील तर तुझ्याच डोक्यात घालीन."

पण एवढ्यानं काम भागणार नव्हतं. शहाळं तोंडाशी छाटायचं म्हणजे कोयती तुळसाबाईची, पाण्याला वारा लागला तो तिच्या हातून. घेणाऱ्यानं तिथेही नाक मुरडलं असतं. आणि आजाऱ्याला सबंध शहाळं देऊन काय उपयोग? मग तिनं जे केलं ते भंडाऱ्याच्या लेकीनंच करावं. कोयतीनं वरचं हिरवं साल काढायचं, मग आतली कवटी तासत तासत इतकी पातळ करायची की पाणी आणि बाहेरचं जग यांच्यात फक्त एक पापुद्रा राहील. पांढरा, ओलसर, बोटानं दाबला तर लवणारा. आणि तिथे थांबायचं. भोक ज्याचं त्यानं पाडायचं, आपल्या अंगठ्यानं. पहिल्या दिवशी तीन शहाळी फुटली, कारण हात खरंच थरथरत होता. पाचव्या-सहाव्या दिवशी हाताला वळण पडलं. मास्तरांच्या भाषणात जो थरथर कापत होता तो हात कोयती धरली की गप बसायचा.

"घे," ती शेडीतल्या माणसाला सांगायची. "मी ख्रिस्तीण. पण हे फोडलेलं नाय. तुझ्या अंगठ्यानं फोड नि पी."

ते प्यायले. पहिला प्यायला, दुसरा प्यायला. प्यायल्यावर बहुतेकांना बोलता यायचं, मग ती नाव विचारायची, गाव विचारायची, वाडी कुठली, घरी कोण. तिला लिहिता येत नव्हतं, पण साठ पोरींची जेवणं जिनं डोक्यात ठेवली तिला चार नावं काय जड? त्या वाटेच्या गाडीवानाला गाठायची. भागोजी गाडीवान पहिल्यांदा साफ नाही म्हणाला. "खोकला लागंल, आजी."

"गाडीला लागतो काय रे खोकला? तू पुढे बैल हाकणार, तो मागे झोपणार. तोंडाला फडकं बांध. आणि नेत नसशील तर निदान सांगावा तरी ने. तोंडाला तर काय भाडं पडत नाय?"

भागोजीनं सांगावे न्यायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी माणसंही न्यायला लागला. बंदरावर तिला शहाळ्याची म्हातारी म्हणू लागले. ती पहाटे उठायची आणि आता प्रार्थना दहा मिनिटांत संपत नव्हती. सांगण्यासारखी नावं पुष्कळ होती.

दिवाळीच्या सुमाराला दानियेल मास्तर शाळेच्या पुस्तकांची पेटी सोडवायला बंदरावर आले. त्यांनी शेडीत तुळसाबाईला पाहिलं. ती एकाला म्हणत होती, "मी हात लावलेला नाय हो पाण्याला, तुझ्याच अंगठ्यानं फोड." मास्तर खांबाशी उभे राहून ऐकत होते. ती उठली तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुळसाबाई, हे काय चालवलंय तुम्ही?"

"तहानलेल्याला पाणी देते."

"पाणी देत नाही तुम्ही. विटाळ जपताय. ज्या विटाळापायी माझा बाप विहिरीच्या कट्ट्याखाली मडकं घेऊन उन्हात उभा राहायचा, कुणीतरी वरून ओतील म्हणून, तो विटाळ तुम्ही पापुद्रा राखून राखून जपताय. आपला प्रभू विहिरीवर बसला होता तेव्हा त्यानं परक्या जातीच्या बाईकडे तिच्याच भांड्यातलं पाणी मागितलं. बंद शहाळं नाही मागितलं."

"मागितलं ना?" तुळसाबाई म्हणाली. "त्यानं मागितलं, मास्तर. त्या बाईनं त्याच्या तोंडात ओतलं नाय."

"शब्दाचा खेळ करू नका."

"खेळ नाय. हा माणूस मरतोय. तो शहाणा होईस्तोवर मी त्याला तहानलेला ठेवू?"

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही भंडाऱ्याच्या. तुमच्या बापाच्या हातचं शहाळं सगळे घेत होते. माझ्या बापानं दिलं असतं तर घेतलं असतं का? सांगा."

बापाच्या माडाखाली उभ्या राहिलेल्या माणसांत महारवाड्यातलं कुणी होतं का, हे तुळसाबाई आठवून आठवून थकली. कुणी असेल तर त्यानं शहाळं मागितलं नव्हतं. घेतलं नव्हतं. वर चढून कुणाला दिलंही नव्हतं.

मंडळीची सभा बसली. मास्तरांचं म्हणणं सगळ्यांना पटलं. ठराव झाला की तुळसाबाईंना सेवा करायची तर आपल्या भांड्यानं, प्रभूच्या नावानं, उघड करावी. लपूनछपून जात जपणाऱ्या कामाला कंपाउंडातल्या माडांचं एकही शहाळं मिळणार नाही. पाळकसाहेब मवाळ माणूस, ते म्हणाले, "बाई, थोडे दिवस घरी बसा. वादळ निवळू दे."

"घरी बसायला मी काय अंडी उबवते?" तुळसाबाई म्हणाली. "आपल्या भांड्यानं दिलं होतं मी, साहेब. भांडं शुद्ध राहिलं नि माणूस तहानलेला राहिला."

कंपाउंडातले माड बंद झाले तेव्हा रत्नागिरीत विकतची शहाळी घ्यायची तिची ऐपत नव्हती. एक जागा उरली होती. तिथे ती पस्तीस वर्षांत गेली नव्हती.

भाट्याची खाडी तरीतून ओलांडून, सड्यावरच्या, कातळपठारावरच्या तांबड्या वाटेनं, मध्ये एका देवळाच्या पारावर पाठ टेकून ती दुपारी पावसला पोचली. धोंडू अंगणात काथ्याचा सुंभ वळत बसला होता. केस पिकलेले, पुढचा दात पडलेला. त्यानं मान वर केली आणि हातातला सुंभ सुटला.

"बाय?" तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली, कारण मेलेल्या माणसाला हाक मारायची नसते.

आतून त्याची बायको कमळा आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. बस म्हणेना, जा म्हणेना.

"मी अंगणातच उभी राहते," तुळसाबाई म्हणाली. "तुझा उंबरा बाटवायला नाय आले. धोंडू, तू माझ्या नावानं आंघोळ केलीस ना?"

"केली." धोंडू खाली बघत होता.

"म्हणजे मी मेलेली. मग पस्तीस वर्षं पितृपंधरवड्यात आई-बापाला पान वाढलंस, मला वाढलंस?"

"तुला कसं वाढणार? तू..."

"मेलेली म्हणालास तर मेलेलीचं द्यावं लागेल. जिवंत म्हणालास तर बहिणीचं दे. काय म्हणतोस ते तूच ठरव, पण दोन्हीकडून मी रिकाम्या हातानं जाणार नाय. बापानं लावलेल्या माडांतले चार मला दे. त्यांची शहाळी हंगामभर बंदरावर पाठव. माझ्यासाठी नकोत. तिकडे आपल्याच मुलखातली पोरं मुंबईहून मरायला येतात नि घोटभर पाण्यावाचून पडून राहतात."

धोंडू सुटलेला सुंभ गोळा करू लागला. कमळाच म्हणाली, "द्या त्यांना. नायतर वन्सं अशा अंगणात उभ्या राहतील नि सगळी वाडी जमंल." मग आत जाऊन तिनं गुळाचा खडा आणला, खाली पायरीवर ठेवला आणि वरून एका तांब्यातून तुळसाबाईच्या ओंजळीत पाणी ओतलं.

उंचावरून ओतलं. तुळसाबाई ओंजळ धरून प्यायली. पाणी गार होतं, गोड होतं, आणि कोपरांवरून ओघळत होतं. त्या घरातल्या विहिरीचं पाणी तिनं लहानपणी आपल्या हातानं शेंदलं होतं. पिता पिता तिला दानियेल मास्तरांचा बाप दिसला, विहिरीखाली उन्हात उभा असलेला. त्या दिवशी परतीची वाट तिला येतानापेक्षा दुप्पट लांब वाटली.

धोंडूनं शब्द पाळला. आठवड्याला एकदा होडीतून पोतं यायचं.

मार्गशीर्षात रघू आला. संगमेश्वराकडचा कुणब्याचा पोर, बावीस वर्षांचा, हाडांवर कातडं ताणून बसवलेलं. तुळसाबाईनं शहाळं तासून त्याच्या हातात दिलं. त्यानं अंगठा टेकवला. दाबला. पापुद्रा लवला, फुटला नाही. पुन्हा दाबला. मग त्यानं हात खाली टाकला आणि तिच्याकडे पाहिलं.

"आजी, तूच फोड गो. माज्या बोटात जोर नाय ऱ्हायला."

"मी ख्रिस्तीण. ठाऊक आहे ना तुला?"

"ठावं हाय. फोड."

तिनं आपल्या अंगठ्यानं पापुद्रा फोडला. पाणी अंगठ्यावरून वर आलं. तिनं त्याची मान मांडीवर घेतली आणि शहाळं त्याच्या ओठांशी लावलं. तो प्यायला, थांबला, दम खाऊन पुन्हा प्यायला. दोन पोत्यांपलीकडे त्याच्याच गावचा एक उतारू बसला होता. तो बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागोजीच्या सांगाव्यावरून रघूची आई काशी आणि चुलता शिवा गाडी जुंपून आले. शिवा गाडीतून उतरतो न उतरतो तोच त्या उतारूनं त्याला गाठलं. पाच मिनिटांत शेडीत गर्दी जमली.

"बाटवलंस माझ्या पोराला!" शिवा ओरडत होता. "मरणाच्या दारात गाठून बाटवता तुम्ही मिशनवाले! कोणी फोडलं ते शहाळं? सांग, कोणी फोडलं?"

बंदरचा कारकून धावत आला. तो तुळसाबाईला रोज बघत होता आणि तिच्यामुळे शेडीत मढी कमी पडतात हेही त्याला माहीत होतं. तिच्या कानाशी लागून तो पुटपुटला, "त्यानंच फोडलं म्हणून सांगा. एक शब्द. मिटलं. नाहीतर तक्रार होईल नि मला तुम्हांला इथून काढावं लागेल."

रघू ग्लानीत होता. तो काही सांगणार नव्हता. त्या उतारूच्या शब्दापुढे तिचा शब्द. आणि बंदरावर तिच्या शब्दाला आता वजन होतं. तुळसाबाईला शेड दिसली, पोत्यांची रांग दिसली, पुढच्या बोटीनं येणारा, अजून न आलेला माणूस दिसला. एक शब्द टाकला की हे सगळं राहणार होतं. तिनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. कोयतीनं चरे पडलेला, नखाशी हिरवट डाग बसलेला. हा अंगठा लपवायचा? का? त्याला काय घाण लागलीय?

"मी फोडलं," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाली, "मी! ह्या अंगठ्यानं. त्यानं मागितलं नि मी दिलं. पुन्हा मागेल तर पुन्हा देईन."

शिवा पुढे सरसावला. पण मध्ये काशी आली. ती इतका वेळ पोराच्या उशाशी बसून होती.

"भावजी," ती म्हणाली, "पोराच्या ओठांना हात लावून बघा. ओले हायत. ह्यो काल उतरला नि आपण आज आलो. मधल्या टायमाला तुमी नवतात, मी नवते." तिनं तुळसाबाईकडे पाहिलं नाही. तिनं आणि भागोजीनं रघूला उचलून गाडीत घातलं. गाडी चढ चढून दिसेनाशी झाली.

शिवानं तक्रार द्यायची ती दिलीच. तिसऱ्या दिवशी कारकून कागद घेऊन आला. चेहरा कसानुसा. "वरून हुकूम आहे, बाई. शेडीत पाऊल टाकायचं नाही. बंदराच्या हद्दीत बसायचं नाही."

"हद्द कुठवर?"

"हद्द म्हणजे..." त्यानं कागद चाळला. "भरतीच्या खुणेपर्यंत."

"आणि त्याच्या खाली?"

"खाली काय? खाली समुद्र."

"मग तुम्ही तुमची हद्द सांभाळा," तुळसाबाई म्हणाली. "मी समुद्राला विचारते."

पुढच्या बोटीच्या दिवशी ती वाळूत उतरली, शेवाळाची नि काटक्यांची रेघ ओलांडून खाली, आणि ओल्या वाळूत बसली. बाजूला शहाळी, कोयती आणि फडक्यात बांधलेला पेजेचा टोप. आता ती दोन्ही पुढे ठेवणार होती. ज्याला जे चालेल ते त्यानं घ्यावं. आपण कोण ते ती आधीच मोठ्यानं सांगणार होती. कारकून शेडीच्या टोकाला उभा राहून बघत राहिला. हमाल हसले. हौसा ओरडली, "म्हातारे, वाहून जाशील गो!"

"गेले तर पावसला लागेन. भावाला सांग, पुन्हा आंघोळ कर म्हणावं!"

पहिल्या पडावातून पाठीवर टाकलेलं एक माणूस आलं. हमालानं त्याला वर शेडीपर्यंत न्यायच्या ऐवजी तिथेच तिच्यापुढे ठेवलं. त्याला तेवढाच चढ वाचला.

तेव्हा वाळूतून कुणीतरी खाली येत होतं. धोतराचा काचा मारलेला, बूट हातात. दानियेल मास्तर. ते तिच्यापाशी येऊन उभे राहिले, वरून समुद्राकडे बघत.

"शेडीत काय झालं ते मी ऐकलं," ते म्हणाले.

"सगळ्या गावानं ऐकलं."

"मला तुमचं शहाळ्याचं अजून पटलेलं नाही, तुळसाबाई. अजिबात पटलेलं नाही."

"नका पटवून घेऊ. मलाही तुमच्या बापाबद्दल विचारलंत त्याचं उत्तर सापडलेलं नाय. पावसला ओंजळीनं पाणी प्यायले तेव्हापासून शोधतेय." तिनं एक तासलेलं शहाळं उचलून त्यांच्याकडे धरलं. "बूट ठेवा नि हे त्याला द्या. तुमच्या हातानं."

मास्तर वाळूत बसले. पडलेल्या माणसानं डोळे उघडून विचारलं, "कोण तुमी?"

मास्तरांनी घसा साफ केला. शाळेत पटावरची हजेरी घेताना करायचे तसा. "दानियेल. ख्रिस्ती. माझा बाप महारवाड्यातला."

माणूस शहाळ्याकडे बघत राहिला, मग मास्तरांकडे. मग त्यानं मान फिरवली. मास्तरांचा हात तसाच राहिला.

"ठेवा त्याच्याजवळ," तुळसाबाई म्हणाली. "उचलू नका. तुम्ही दिलंय ते त्याला कळलंय."

दुसरा पडाव लागला. त्यातून आलेल्या पोराला मास्तरांनी तेच सांगितलं, बापाचं नावसुद्धा सांगितलं. त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. त्यानं दोन्ही हातांनी शहाळं ओढून घेतलं, अंगठा घातला आणि गटगटा प्यायला. पाणी हनुवटीवरून मास्तरांच्या मनगटावर सांडलं. मास्तरांनी ते पुसलं नाही. पलीकडे पहिल्या माणसाचा हात वाळूवरून हळूहळू आपल्या शहाळ्याकडे सरकत होता. दोघांनीही तिकडे न बघितल्यासारखं केलं.

लाट येऊन तुळसाबाईच्या लुगड्याचा काठ भिजवून गेली. पुढची त्याहून वर आली, मास्तरांचा एक बूट तरंगायला लागला.

"भरती लागली, तुळसाबाई," मास्तर बूट पकडत म्हणाले. "उठा आता."

"आधी ह्या दोघांना मागे घेऊ, मग आपणही चार हात सरकू," ती टोप डोक्यावर घेत म्हणाली. "खुणेच्या आत पाऊल नका टाकू, तो कारकून बघतोय. शहाळ्यांची टोपली धरा तुम्ही, अजून एक पडाव यायचाय."